पहिली परदेशवारी, डिस्नेचं हॉटेल आणि आमचा किराणा



गेल्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा देशाबाहेर गेलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि आमची नऊ वर्षांची लेक. गेलो ते पॅरिसजवळच्या डिस्नेलँडला. परत आल्यापासून बस्तीत, भिशीत, अगदी दळण टाकायला गिरणीत गेले तरी एकच प्रश्न, "तिथं खाल्लंत काय गं?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगून झालं, म्हणून आज सगळं एकदाच नीट लिहिते. तयारी कशी केली, हॉटेल कसं ठरवलं, तिथल्या दुकानात काय काय वेगळं होतं, आणि माझ्या हातून एक चूक झाली तीही. ती लिहावी की नको यावर बरेच दिवस घालवले. पण ती गाळून बाकीचं लिहिलं तर माझ्याच मनाला ते पटणार नाही.

आज्जी येणार नाही

लेकीच्या शाळेतली एक मैत्रीण जाऊन आली तेव्हापासून घरात हा विषय सुरू होता. आमचे हे दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. ठरवताना आम्ही चौघं धरली होती, सासूबाईंसकट. लेकीनं वहीत किल्ला काढून त्याच्यापुढं चार बाहुल्याही काढल्या होत्या. सासूबाईंनी ते चित्र बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी नाही यायची. माझं दिग्व्रत आहे."

आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. सासरे गेल्यानंतर त्यांनी बाहुबलीला, कुंभोजच्या डोंगराखाली, महाराजांसमोर हे व्रत घेतलं होतं. पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. या चौकटीपलीकडं आयुष्यभर जायचं नाही. चारही क्षेत्रं त्या जाऊन आल्या आहेत, त्यामुळं कधी अडलं नाही आणि बोलायची वेळही आली नाही.

हे म्हणाले, "आई, महाराजांना विचारून सीमा थोडी वाढवून घेऊ की."

"घेतलेली सीमा आपल्या सोयीनं वाढवायची, यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. तो अतिचार आहे. लहानपणी पाठशाळेत पाठ केलंस ना?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि महाराजांनी मला काही लादलं नव्हतं. मी मागून घेतलंय."

लेक दोन दिवस आज्जीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिची वही मागून घेतली आणि चौथ्या बाहुलीभोवती पेन्सिलीनं एक मोठा चौकोन काढला. "मी इथं. तू पलीकडं जाऊन ये आणि मला सगळं सांग." मग कुठं राग गेला.

त्या रात्री भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, "माझं ठरलेलं आहे. तुमचं काय ठरलंय? काय पाळणार, काय सोडणार, ते जायच्या आधी बसून ठरवा. तिथं भूक लागल्यावर ठरवू नका."

मैत्रिणींनो, आमच्या सगळ्या तयारीत हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. आम्ही दोघं खरंच कागद घेऊन बसलो. मद्य, मांस, अंडं, मध नाही. कंदमूळ नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही. लेबल वाचल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. इतकंच लिहिलं. सासूबाई पिठाची मर्यादा पाळतात, उन्हाळ्यात ५ दिवस. ते आम्हाला तिथं जमणार नव्हतं, तर ते कागदावर लिहिलंच नाही. घरी आम्ही बाहेरचा पाव खात नाही, तिथं खायचा असं ठरवलं. पाणी गाळायचं फडकं मात्र बॅगेत सगळ्यात आधी गेलं.

सूर्य बघून तारीख

लोक विमानाचं तिकीट स्वस्त कधी ते बघून तारीख ठरवतात. आम्ही आधी सूर्यास्त बघितला. पॅरिस आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आहे, त्यामुळं तिथं दिवसाची लांबी ऋतूप्रमाणं फारच बदलते. डिसेंबरात तिथं पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. नाताळात गेलो असतो तर दुपारी चारच्या सुमारास जेवण आटपावं लागलं असतं. मेच्या शेवटी मात्र सूर्यास्त रात्री साडेनऊच्या पुढं. म्हणजे दोन घटिका आधी, ४८ मिनिटं धरली, तरी पावणेनऊपर्यंत जेवायला मोकळीक. मुलीला सुट्टीही तेव्हाच.

पहिल्या दिवशी हे फार गमतीचं वाटलं. आठ वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, आणि लेक म्हणते, "आई, आपण रात्री जेवतोय पण रात्र नाहीये!" आपल्याकडं तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, तिथल्या उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आहे. दुसरी बाजूही सांगते. सूर्य एवढा उशिरा मावळतो म्हणून मूल झोपतच नाही. पडदे घट्ट ओढून झोपवावं लागलं.

व्हिसा आणि हॉटेल

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचं आरोग्य संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. म्हणून हॉटेल आधी ठरवावं लागतं, आणि ते रद्द करता येईल असंच घ्यावं. बोटांचे ठसे आम्हा दोघांचे घेतले, १२ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाहीत.

हॉटेलवरून घरात बरीच ओढाताण झाली. लेकीला डिस्नेच्याच हॉटेलात राहायचं होतं. त्यांची तिथं वेगवेगळ्या थीमची हॉटेलं आहेत. तिला हवं होतं ते शायेन, जुन्या अमेरिकन काऊबॉय गावासारखं, खोलीत वुडी आणि जेसीची चित्रं. तिथं राहणाऱ्यांना पार्क इतरांपेक्षा लवकर उघडतं, हाही फायदा. पण अशा हॉटेलच्या खोलीत आपल्याला शेगडी लावता येत नाही. सहा रात्री बाहेरच्या खाण्यावर काढणं मला शक्य वाटेना. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वगळलं की तिथल्या शाकाहारी पदार्थांतही फार थोडं उरतं.

शेवटी सहा रात्री दोन भागांत केल्या. पहिल्या चार रात्री अपार्ट-हॉटेलात, म्हणजे खोलीतच छोटं स्वयंपाकघर, दोन शेगड्या, फ्रिज, भांडी. हे घेतलं व्हाल द'युरोप भागात. तिथून डिस्नेचं स्टेशन आरईआर-ए या लोकल गाडीनं एकच स्टेशन पुढं आहे आणि जवळच्या मॉलमध्ये ओशाँ नावाचं भलंमोठं सुपरमार्केट आहे. शेवटच्या दोन रात्री लेकीच्या हॉटेलात. तोवर मला दुकान समजलेलं असेल आणि दोन दिवसांचा डबा करून घेता येईल, असा हिशेब. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच क्रम सुचवेन. आधी स्वयंपाकघर, मग हौस.

बॅगेत काय नेता येतं

माझी पहिली यादी पाऊण पान भरून होती आणि सुरुवात घरच्या तुपापासून होती. मग कळलं की युरोपात बाहेरच्या देशातून प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप गेलं, पेढे गेले, खव्याची पोळी गेली. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या यांनाही झाडपाल्याचं तपासणीपत्र लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्या पाच फळांना तेवढी सूट.

मग उरलं ते कोरडं. कडक भाकरी, शेंगाचटणी, मेतकूट, भाजके पोहे, खाकरे, मूगडाळ, मसाल्याचा डबा. कडक भाकरीला आपल्या भागातल्या बायकांनी उगाच सांभाळलेलं नाही, हे मला विमानातल्या सामानाचं वजन करताना पटलं. वजन नाही, तुटली तरी चालते, आणि चटणीबरोबर कुठंही बसून खाता येते.

विमानात जैन जेवण मिळतं. तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवा, एअरलाईनच्या यादीत त्याला व्हीजेएमएल असा कोड असतो. आमचं विमान रात्रीचं होतं, त्यामुळं ताट पुढं आलं तेव्हा आम्ही हात जोडले. कागदावरचा नियम पहिल्याच रात्री उपयोगी पडला. पॅरिसच्या विमानतळावरून डिस्नेच्या स्टेशनला थेट वेगवान रेल्वे आहे, साधारण दहा मिनिटांत पोचतो.

तिथला किराणा

आता मुख्य विषय. ट्रॉली घ्यायला नाणं घालावं लागतं, ते खिशात असू द्या. पैसे देतो त्या काउंटरवर फुकट प्लास्टिक पिशव्या मिळत नाहीत, त्या फ्रान्सनं २०१६ सालीच बंद केल्या. मी सांगलीहून नेलेल्या तीन कापडी पिशव्या तिथं मिरवल्या. फळं-भाज्या काट्यावर ठेवून, फळाचं चित्र दाबून, दराची चिठ्ठी आपणच चिकटवायची असते. मला ते कळलं नव्हतं. काउंटरवर आमच्यामागं रांग लागलेली आणि हे चेरी घेऊन परत काट्याकडं पळत होते.

दूध शोधायला मी फ्रिजच्या कपाटांपाशी दहा मिनिटं फिरले. तिथं बहुतेक लोक खूप तापवून बंद केलेलं, महिनोन्महिने टिकणारं दूध घेतात आणि ते साध्या फळीवर पाण्याच्या बाटल्यांसारखं रचलेलं असतं. झाकणाचा रंग बघायचा. लाल म्हणजे पूर्ण सायीचं, निळं अर्ध्या सायीचं, हिरवं साय काढलेलं.

पिठाच्या पाकिटांवर आकडे असतात, टी ४५, टी ५५, पार टी १५० पर्यंत. पीठ जाळल्यावर किती राख उरते त्यावरून हा आकडा ठरतो. कोंडा जितका जास्त तितका आकडा मोठा. टी ५५ म्हणजे आपल्या मैद्याच्या जवळचं, टी १५० म्हणजे सगळा कोंडा असलेलं. मी दोन्ही निम्मं निम्मं मिसळून पोळ्या केल्या. आपल्या गिरणीच्या कणकेसारखी मऊ नाही झाली, पण पोळी झाली.

तुपाची चुटपुट होती ती लोण्यानं घालवली. तिथलं बिनमिठाचं लोणी फार छान असतं, त्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो. पाव किलोची वडी आणली आणि खोलीतच कढवलं. मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, कारण छतावर धुराची घंटा होती आणि मला तिची फार धास्ती. फोडणीसुद्धा मी चार दिवस भीत भीतच केली. तूप कढल्याचा वास खोलीत पसरला तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता घरासारखं वाटतंय."

पाव घ्यायचा तर 'त्रादिस्योँ' म्हणून मिळणारा लांब पाव घ्या. १९९३ च्या एका सरकारी आदेशानं त्यात काय घालायचं ते ठरवून दिलेलं आहे. मुख्यतः गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. अंडं नाही, चरबी नाही. गोड, पिवळसर, मऊ ब्रिओश दिसायला आपल्या पावासारखा असतो, पण त्यात अंडं असतं.

चीजपाशी मी फार थांबले नाही. कित्येक नावाजलेल्या जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कोंतेसारख्या चीजला तर नियमानंच तसं लागतं. फ्रोमाज ब्लाँ म्हणून एक डबा दिसला, अगदी आपल्या चक्क्यासारखा. श्रीखंडाचा बेत मनात पक्का झाला होता. मागं बघितलं तर घटकांमध्ये प्रेझ्यूर, म्हणजे तेच रेनेट. ठेवून दिला आणि साधं दही घेतलं, ज्यात फक्त दूध आणि विरजण होतं.

भाज्यांत श्रावणघेवड्यासारख्या शेंगा, ताजे मटार, टोमॅटो, ढबू मिरची, झुकिनी सगळं मिळालं. मेमध्ये तिथं शतावरीच्या जातीच्या अस्परॅगस कोंबांचा हंगाम असतो, पांढरे आणि हिरवे. पांढरा कोंब पांढरा राहतो कारण त्यावर मातीचा ढीग चढवून त्याला ऊन लागू देत नाहीत. हिरवा उन्हात वर वाढतो. आता पांढरा कंदमूळ धरायचा की नाही? यावर आम्ही दोघं भर दुकानात पाच मिनिटं वाद घालत होतो. शेवटी हिरवा घेतला. शंका असली की सोडायचं, हे सोपं पडतं.

सुकामेव्याच्या मिश्र पाकिटांत अंजीर असतं, ते आमच्याकडं पाच उदुंबर फळांत मोजतात. नाश्त्याच्या धान्यांत मध फार. भाजीच्या सूपवड्यांत कांदा असतोच.

यासाठी मी एक कागद करून नेला होता. एका बाजूला फ्रेंच स्पेलिंग, दुसऱ्या बाजूला मराठी. जेलातीन, प्रेझ्यूर, सँदू म्हणजे डुकराची चरबी, अफ म्हणजे अंडं, म्येल म्हणजे मध, ओन्याँ कांदा, आय लसूण, पॉम द तेर बटाटा, कारोत गाजर. खाली आकडे. ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई ९०४ म्हणजे लाख, ई ४७१ प्राणिज किंवा वनस्पतिज दोन्ही असू शकतं. हा कागद मी खोलीतल्या फ्रिजवर लावला होता.

चॉकलेटचं अस्वल

आता ती चूक.

तिसऱ्या दिवशी पार्कमधून थकून आलो. दूध संपलं होतं म्हणून मी एकटीच दुकानात गेले. पैसे द्यायच्या रांगेशेजारी छोटी चॉकलेटं होती, अस्वलाच्या आकाराची. दिवसभर पोरीनं एकदाही बाहेरच्या खाण्यासाठी हट्ट केला नव्हता. सगळी मुलं आईस्क्रीम, वॅफल खात होती आणि ही खाकरा खात होती. मला वाटलं, घ्यावं हिला काहीतरी. पाकीट उलटं केलं, कोपऱ्यात हिरवा गोल दिसला, आणि टाकलं पिशवीत.

तुमच्या लक्षात आलं असेल. हिरवा ठिपका बघून वस्तू उचलायची आपल्या हाताला इतकी सवय आहे की डोकं मध्ये येतच नाही. पण तो ठिपका आपल्या देशातल्या कायद्यामुळं असतो. तिथं शाकाहाराची अशी सक्तीची खूण नाही. आणि फ्रान्समधल्या कितीतरी पाकिटांवर एक हिरवा गोल असतो, एकमेकांत वळलेल्या दोन बाणांचा. त्याचा अर्थ एवढाच की वेष्टनाच्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी कंपनीनं पैसे भरलेत. खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. चॉकलेट म्हणजे चॉकलेट, त्यात काय असणार, असंही मी धरून चालले होते.

जेवण झाल्यावर लेकीनं दोन अस्वलं खाल्ली. आत पांढरं मऊ काहीतरी होतं. तिसरं उघडायच्या आधी ती पाकीट घेऊन फ्रिजपाशी गेली. तिला ते फ्रेंच शब्द लावायचा नाद लागला होता. मी ओटा पुसत होते. ती म्हणाली, "आई, हा शब्द आपल्या कागदावर आहे ना? सगळ्यात वरचा?"

जेलातीन.

कुणीच काही बोललं नाही. यांनी पाकीट हातात घेऊन वाचलं आणि टेबलावर ठेवलं. मग लेकीचा चेहरा उतरला आणि ती रडायला लागली. "मी मांस खाल्लं का? मला पाप लागलं?" मी तिला जवळ घेतलं खरं, पण मला तोंड उघडवेना. कागदावरच्या चार नियमांतला शेवटचा माझ्याच आग्रहानं लिहिला होता.

यांनी तिला समजावलं, की तुला माहीत नव्हतं, माहीत झाल्याबरोबर तू थांबलीस. ते खरंच होतं. पण मी रात्रभर वेगळाच विचार करत होते. हिंसा प्रमादातून घडते असं आपण प्रवचनात ऐकतो. प्रमाद म्हणजे मला नेहमी आळस, झोप, ऐष असं काहीतरी वाटायचं. इथं तर मी लेकीवरच्या मायेनं वस्तू उचलली होती. दोन मिनिटं थांबून मागची अक्षरं वाचली नाहीत, एवढंच. प्रमाद असा दिसतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समोर दिसलं. मूल निर्दोष होतं. मी नव्हते.

सकाळी सात वाजता, म्हणजे इकडं साडेदहाला, सासूबाई बस्तीतून आल्या असतील असं बघून फोन लावला. लपवायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, म्हणून मी यायचं टाळलं. तसं काही त्या बोलल्या नाहीत. आधी विचारलं, "पोरगी कशी आहे?" मग म्हणाल्या, "नऊ वेळा णमोकार म्हणा, तिघंही. शांत बसून, श्वास धरून-सोडून. आणि आजपासून वाचायचं काम तिला दे. ती वाचते, तू बघतेस."

लेकीनं फोन घेतला. "आज्जी, तू रागावलीस?"

"नाही गं. तू वाचलंस म्हणून तर तिसरं वाचलं."

तिघं पलंगावरच पूर्वेकडं तोंड करून बसलो. नऊ णमोकार होईपर्यंत लेकीनं डोळे उघडले नाहीत. उरलेलं पाकीट कचऱ्यात टाकताना मला पैशाचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. जे गेलं ते टाकून परत येणार नव्हतं.

हॉटेलच्या दोन रात्री

पाचव्या दिवशी निघायच्या आधी मी धपाटे केले, झुकिनी-ढबूची कोरडी भाजी केली, काकड्या, चेरी, केळी, दही आणि पाव घेतला. लेकीनं प्रत्येक पाकीट स्वतः वाचून पिशवीत ठेवलं. तिला वेळ लागत होता, पण आम्ही घाई केली नाही.

हॉटेल तिला हवं तसंच होतं. खोलीत शिरल्या शिरल्या ती वुडीच्या चित्राखाली पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "आता मला कुठंच जायचं नाही." सकाळच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये आम्हाला फळं, पाव, लोणी आणि गरम दूध पुरलं. तिथून पार्क चालत पंधरा-वीस मिनिटांवर, ओढ्याच्या कडेकडेनं रस्ता. पार्कमध्ये स्वयंपाक करणाऱ्या उंदराची एक राईड आहे, रातातुई. तो पदार्थ मुळात झुकिनी, ढबू, टोमॅटो, वांगं यांचाच. लेक म्हणाली, "आई, तूही तेच केलंस, फक्त कांदा, लसूण आणि वांगं सोडून." बहुबीज म्हणून वांगं आमच्या घरात येत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

शेवटच्या रात्री किल्ल्यावरची रोषणाई बघितली. ती अंधार पडल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा होते. आमचं जेवण साडेआठला आटपलेलं. आजूबाजूला सगळे काही ना काही खात होते. लेकीला भूक लागली होती, मला कळत होतं. ती काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. खोलीवर येताना यांच्या खांद्यावर झोपून गेली.

परत आल्यावर

सासूबाईंना आम्ही तिथून काय आणावं, हा मोठा प्रश्न होता. त्यांनी आधीच सांगितलं होतं, काही आणू नका. शेवटी लेकीनं तिची वही दिली. त्यात रोज काय बघितलं ते चित्रांसकट लिहिलं होतं. एका पानावर चॉकलेटचं अस्वल काढलंय आणि त्याखाली 'जेलातीन' असं मराठीत लिहिलंय. सासूबाईंनी ते पान बघितलं, काही न बोलता पुढचं उलटलं. किल्ल्याच्या पानावर बराच वेळ थांबल्या. दिवे कुठं कुठं होते ते विचारलं.

माझा तो फ्रेंचचा कागद आता आमच्या घरच्या फ्रिजवर आहे. इथं त्याचा उपयोग नाही, पण लेक काढू देत नाही. इथल्या बिस्किटांचं पाकीट आलं तरी ती आधी उलटं करते. हिरवा ठिपका दिसला तरी खालची अक्षरं वाचते. मागच्या आठवड्यात तिनं एका पाकिटात कांद्याची पूड शोधून काढली, जे आम्ही वर्षभर घरात आणत होतो.

तुम्ही जाणार असाल तर थोडक्यात सांगते. सूर्यास्त बघून महिना ठरवा. पहिले दिवस स्वयंपाकघर असलेल्या जागी घ्या. दूध-तूप नेऊ नका, लोणी तिथं कढवा. हिरव्या गोलावर विश्वास ठेवू नका. काय पाळायचं ते घरातून निघण्याआधी सगळ्यांनी मिळून कागदावर लिहा, झेपेल तेवढंच लिहा. आणि वाचायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. ते कंटाळा करत नाहीत.

जय जिनेंद्र.